कोपराने वाजवायचं यंत्र

लातूरला डिप्लोमा करताना आमच्या लॅबमध्ये एक राखाडी डबा होता. समोर मोठी गोल तबकडी, तिच्यावर २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आकडे, खाली दोन-तीन खटके. ऑडिओ ऑसिलेटर. त्याची वायर सीआरओला, म्हणजे ऑसिलोस्कोपला, जोडायची, हिरव्या पडद्यावर साइन वेव्ह उमटली की ती जर्नलमध्ये काढायची, सरांची सही घ्यायची आणि एसटी धरून औशाला परत यायचं. एका दुपारी सर चहाला गेले असताना आम्ही ती वायर अ‍ॅम्प्लिफायरला लावली, पुढे एक उघडा स्पीकर जोडला आणि तबकडी सावकाश फिरवली. आधी नुसता घुमारा, मग शंख फुंकल्यासारखा आवाज, मग शिट्टी, मग कानात सुई, आणि शेवटी काहीच नाही. तबकडी मात्र फिरतच होती. सर परत आले तेव्हा काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही.

या डब्यातून गाणं निघेल असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. न्यूयॉर्कमध्ये एकाच्या आलं होतं, १९६७ साली.

सिमियन कॉक्स तेव्हा ओव्हरलँड स्टेज इलेक्ट्रिक बँड नावाच्या एका चारचौघांसारख्या रॉक बँडमध्ये गात होता. एका मित्राकडे १९४०च्या दशकातला ऑसिलेटर पडून होता. सिमियनने तो उचलला आणि कार्यक्रमात गाण्याच्या मधोमध चालू केला. बाकीच्यांना हे बिलकूल रुचलं नाही. त्या कुंईकुंईपुढे गिटारवाल्यांना काम उरेना, आणि एकेक जण निघून गेला. राहिला फक्त ड्रमवाला, डॅनी टेलर. ‘सिल्व्हर अ‍ॅपल्स’ ही जोडी जमली ती अशी, गळती लागून.

नाव घेतलं कवी येट्सच्या एका कवितेवरून. हा तोच येट्स, ज्याने आपल्या बडनेऱ्याच्या पुरोहित स्वामींबरोबर बसून दहा उपनिषदं इंग्रजीत आणली. ते पुस्तक १९३७चं. रॉकवाल्यांना हे ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे, मला मात्र ते नाव वाचलं की आधी बडनेरा आठवतं.

आता यंत्राकडे. रॉबर्ट मूगचा सिंथेसायझर तेव्हा बाजारात होता, पण त्याच्या किमतीत माणसाने घर बघितलं असतं. सिमियनकडे पैसे नव्हते, आणि संगीताचं शिक्षणही नव्हतं. त्याने दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची मोडीत निघालेली तपासणीची उपकरणं गोळा केली, ऑसिलेटरवर ऑसिलेटर रचले आणि तारखात्यात कडकट्ट करणाऱ्या असत तशा तार-कळी बटणं म्हणून फळीवर बसवल्या. पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर हिशोब दिला आहे: नऊ ऑसिलेटर, ८६ खटके-तबकड्या. वरचे सूर हाताने, कोपराने आणि गुडघ्याने. खालचे खर्जाचे सूर पायाने. या साऱ्या पसाऱ्याला नाव पडलं ‘द सिमियन’. यंत्र आणि माणूस दोघांना एकच नाव, आणि वाजताना दोघांना वेगळं काढणं अवघडच होतं.

ऑसिलेटरमध्ये एक खोड असते. तो तापला की सूर सरकतो. लॅबमध्ये आम्ही ‘आधी अर्धा तास चालू ठेवा’ हे पाठच केलं होतं. शिवाय पेटीसारखी सगळी सप्तकं हाताखाली नाहीत; एका बटणाला एक सूर, तोही आधी लावून ठेवलेला. म्हणजे गाणं थोडक्या सुरांवर उभं करायचं, आणि तेच ते पुन्हापुन्हा वाजवायचं. सिमियनच्या गाण्यांचं घुमणं येतं ते इथून. अशा गाण्यांना सायकेडेलिक म्हणतात, आणि सायकेडेलिक म्हटलं की लोकांना एलएसडी आणि रंगीबेरंगी शर्ट आठवतात. औशात वाढलेल्याला भिरभिरायला गोळी लागत नाही. नाथ संस्थानचं चक्री भजन ज्याने रात्र चढताना ऐकलंय, तेच ते फिरून येणारं चरण आणि फिरणारे पाय पाहिलेत, त्याला या न्यूयॉर्कवाल्यांची भाषा दोन मिनिटांत कळते.

पण मला या जोडीतला खरा कलावंत डॅनी वाटतो. त्याच्यापुढे ड्रमचा मोठा फडच असे, आणि प्रत्येक ड्रम तो ऑसिलेटरच्या सुराशी जुळवून घेई. त्यामुळे तो नुसता ठेका देत नाही, गाण्याची चाल अर्धी तोच वाजवतो. आपल्याकडे मृदंगाच्या धुमेला कणीक लावून, ती थोडी खरवडून, परत थापून सूर लावतात, तेच हे काम. आमच्या ओळखीचे एक गोंधळी आहेत. त्यांना मी या जोडीचं ‘ऑसिलेशन्स’ हे गाणं मोबाइलवर ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “तुणतुणं विजेचं आहे, पण संबळ लई शहाणं आहे, बाबा.” सगळ्या समीक्षेत मी याहून नेमकं काही वाचलेलं नाही.

‘सिल्व्हर अ‍ॅपल्स’ ही पहिली रेकॉर्ड १९६८ साली कॅप कंपनीने काढली. तिच्यातल्या ‘प्रोग्रॅम’ या गाण्यात मध्येच रेडिओवरचे वाटेल ते तुकडे घुसतात. पुढच्या वर्षी जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांनी त्या सोहळ्यासाठी सेंट्रल पार्कमध्ये याच दोघांना वाजवायला बोलावलं. चढण इथवर.

दुसरी रेकॉर्ड ‘कॉन्टॅक्ट’, १९६९. जोडी भांडली, पैशावरून फाटली, मध्ये कुणीतरी आलं, असं काहीही झालं नाही. जोडी बुडाली ती फोटोपायी. वेष्टनाच्या दर्शनी बाजूला दोघे पॅन अ‍ॅमच्या विमानात वैमानिकांच्या जागी बसलेले. विमान कंपनीचं बोधचिन्ह स्वच्छ दिसतंय आणि आसपास नशेची सामग्री. उलटी बाजू बघावी तर कोसळलेल्या विमानाचे अवशेष, त्यात हे दोघे बसून बँजो वाजवताहेत. कॉकपिटमध्ये फोटो काढायला विमान कंपनीने परवानगी दिली होती. मागच्या चित्राची तिला कल्पना नसावी. तिने कोर्टात खेचलं. रेकॉर्ड दुकानांतून काढून घेतली गेली. एका क्लबमध्ये डॅनीचे ड्रमच जप्त करून नेले, असं सिमियन पुढे सांगत असे. कॅप कंपनीही गडगडली, आणि दावा अंगावर असलेल्या जोडीला दुसरी कंपनी दारात उभं करेना. तिसऱ्या रेकॉर्डचं काम अर्ध्यावर असताना, १९७० साली, सगळं थांबलं. मला विचाराल तर तो थट्टेचा फोटो वाईटच होता. विमान पडतं तेव्हा माणसं मरतात.

पुढची पंचवीस-एक वर्षं दोघांनी पोटापाण्याचे उद्योग केले. सिमियन काही काळ टीव्हीचा बातमीदार होता. पॅन अ‍ॅम १९९१च्या डिसेंबरमध्ये बंद पडली. १९९४ साली जर्मनीत या दोन रेकॉर्डींची चोरटी सीडी निघाली, नव्या पोरांनी ती उचलून धरली, आणि सिमियनला कळलं की आपण प्रसिद्ध आहोत. १९९६ला तो पुन्हा मंचावर आला. पण डॅनीचा पत्ता लागेना. तो लागला एका रेडिओ केंद्रामुळे, आणि डॅनीकडे ‘द गार्डन’च्या, म्हणजे त्या अर्धवट तिसऱ्या रेकॉर्डच्या, टेप सापडल्या. १९९८ साली ती बाहेर आली. त्याच वर्षी कार्यक्रमाहून परतताना त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि सिमियनची मान मोडली. बरं व्हायला फार दिवस लागले, आणि हात पूर्वीसारखे राहिले नाहीत.

डॅनी २००५च्या मार्चमध्ये गेला. सिमियनने नवा ड्रमवाला घेतला नाही. डॅनीच्या जुन्या ठोक्यांचे तुकडे यंत्रात भरून घेतले आणि एकटाच टेबलामागे उभा राहून ऑसिलेटर वाजवत गावोगाव फिरला. ‘क्लिंगिंग टू अ ड्रीम’ ही रेकॉर्ड २०१६ची, तेव्हा तो ७८ वर्षांचा होता. ८ सप्टेंबर २०२० रोजी तो गेला. तोवरच्या कार्यक्रमांत ड्रममागे माणूस नसे, ठोका डॅनीचाच.