शिदोरी बांधली, पण हात यजमानाच्या डब्यात

समजा, रत्नागिरीच्या एका शाळेत लंबकाच्या आंदोलनांचा आलेख काढणारा प्रोग्राम आपण पेनड्राइव्हवर घेतला. तेथे तो उत्तम चालला. लांज्याच्या शाळेत चाळीस मुलांसमोर मात्र तो उघडेचना. पेनड्राइव्ह तोच, प्रोग्राम तोच. मग बदलले काय? बदलला तो प्रोग्रामचा भोवताल.

या भोवतालाचे महत्त्व मराठी शिक्षकांना नवे नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी एका संगणकावर टंकलेली प्रश्नपत्रिका दुसरीकडे उघडली, की बऱ्याचदा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. फाइल शाबूत असे. तिला लागणारा फाँट तेथे नसे.

यावरचा सरळ उपाय म्हणजे लागेल ते सारे बरोबर नेणे. लिनक्सवरील ‘ॲपइमेज’ प्रकारात मूळ प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञावल्या, एकाच फाइलमध्ये बांधलेल्या असतात. ती स्थापित करावी लागत नाही.

परंतु शिदोरी बांधून नेली, तरी पाहुण्याने ती खाल्लीच पाहिजे असे नाही! पायथन या भाषेचे उदाहरण घेऊ. २००८ साली आलेल्या २.६ या आवृत्तीपासून तीत प्रत्येक वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरात लायब्रऱ्या ठेवण्याची सोय आहे. लायब्ररी शोधताना पायथन सर्वांसाठीच्या सामायिक जागेआधी या खासगी जागेत डोकावते. तेथे त्याच नावाची जुनी लायब्ररी असली, तर शिदोरीतली नवी बाजूला राहते आणि प्रोग्राम अडतो.

उलट प्रकार अधिक फसवा. शिदोरीत एखादी लायब्ररी घालायची राहून गेली, तरी आपल्या संगणकावर ती खासगी फोल्डरातून गुपचूप उचलली जाते. प्रोग्राम चालतो आणि उणीव झाकली जाते. ती उघडी पडते परगावी.

म्हणून प्रोग्रामला भोवतालापासून अलग करावे लागते. पायथनच्या ३.४ या आवृत्तीत (२०१४) त्यासाठी ‘हायफन कॅपिटल आय’ हा पर्याय आला. तो दिला, की खासगी फोल्डरातील लायब्रऱ्या आणि पायथनसाठी संगणकावर करून ठेवलेल्या भोवतालच्या सूचना दुर्लक्षिल्या जातात. ॲपइमेजच्या शेजारी, तिच्याच नावापुढे रोमन लिपीत ‘.होम’ जोडून एक फोल्डर केला, तर प्रोग्राम त्यालाच आपले घर मानतो. मग त्याच्या सेटिंग्जही पेनड्राइव्हवरच राहतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. हे अलगीकरण म्हणजे पहारा नव्हे. असा प्रोग्राम विद्यार्थ्याची फाइल उघडू शकतो आणि पुसूही शकतो. अनोळखी प्रोग्रामबाबतची सावधगिरी त्यामुळे सुटत नाही.

आम्ही एक सोपी चाचणी सुचवतो. संगणकावर नव्या वापरकर्त्याचे कोरे खाते उघडा आणि प्रोग्राम तेथे चालवून पाहा. खासगी फोल्डरातली उसनवारी लगेच कळेल. सामायिक जागेतली उसनवारी मात्र याने कळणार नाही. त्यासाठी दुसरा संगणकच हवा.

विज्ञानाच्या तासाला आपण सांगतो, की प्रयोगात एकच घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावेत. लंबकाची लांबी बदलताना गोळा बदलत नाही. प्रोग्राम तपासतानाही नियम तोच. भोवताल आपल्या हाती नसेल, तर प्रोग्राम चालला यावरून तो पुरा आहे, असे सिद्ध होत नाही.