तमाशाचा फड कशावर उभा राहतो?

गेल्या गणेशोत्सवांत मीरा रोडच्या आमच्या शांतीनगर वसाहतींत मुलींचें समूहनृत्य बसविण्याचें ठरलें. मुली बारा होत्या. मी पडलों निवृत्त शिक्षक. तेव्हां हजेरी घेण्याचें आणि वेळ पाळावयास लावण्याचें काम ओघानेंच माझ्याकडे आलें. महिनाभराच्या तालमींत पहिल्या ओळींत कोणी उभें राहावयाचें यावरून दोन घरांत अबोला झाला, दोघींच्या परीक्षा आड आल्या, एकीचा पाय मुरगळला, आणि शेवटीं नऊजणींनीं सात मिनिटांचा नाच कसाबसा पार पाडला. त्या रात्रीं घरीं परततांना माझ्या मनांत आलें कीं, बारा मुली एक महिना सांभाळतांना आपली अशी त्रेधा उडाली. मग शंभर-सव्वाशें माणसांचा तमाशाचा फड सात महिने रोज नव्या गांवीं मुक्काम करीत हिंडतो, तो मोडून कसा पडत नाहीं? या प्रश्नाचें उत्तर आज यथामति सांगावयाचें आहे.

प्रथम दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. संगीतबारींत गाणें व लावणीनृत्य असतें, वग नसतो. तिची पार्टी लहान असते, मालकीण बहुधा स्वतःच गाणारी किंवा नाचणारी असते, आणि कार्यक्रम एका ठराविक थिएटरांत होतो. पुण्याचें आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यांतील चौफुला, सोलापूर जिल्ह्यांतील मोडनिंब हीं ठिकाणें त्यासाठीं प्रसिद्ध आहेत. दुसरा प्रकार ढोलकीफडाचा. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि अखेर वग असा त्याचा क्रम असतो, आणि तो गांवोगांव फिरतो. मी बोलणार आहें तो या दुसऱ्या प्रकाराविषयीं.

फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखांतील बुद्धपौर्णिमेला संपतो. यात्रा-जत्रांचे दिवस चैत्र-वैशाखांत एकवटलेले असल्यामुळें खरी कमाई शेवटच्या दोन महिन्यांतच होते. ती ठरते पुणें-नाशिक रस्त्यावरील नारायणगांवीं. तेथें निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास गांवोगांवचे पंच येऊन आपापल्या यात्रेची तारीख व सुपारी ठरवितात. या व्यवहारांत सुपारी म्हणजे खेळाचा ठरलेला मोबदला. एका तारखेला एकच गांव घेतां येतें. म्हणून हाती आलेली तारीख वांया गेली, तर ती पुन्हां मिळत नाहीं.

आतां फडांतील माणसें पाहूं. रंगमंचावर दिसतात ते नाचणाऱ्या स्त्रिया, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणें व झांज घेऊन मागें सूर धरणारे सुरते, आणि वगांतील राजा-प्रधानाचीं कामें करणारे नट. न दिसणारे त्याहून अधिक: ट्रकचे चालक, कनात व रंगमंच उभारणारे बिगारी, दिवे व ध्वनिवर्धक सांभाळणारे, आचारी, आणि गांवच्या पंचांशीं बोलणी करणारा मॅनेजर. बाहेरचा व्यवहार मॅनेजरनें पाहावा आणि आंतलीं माणसें मालकानें किंवा मालकिणीनें राखावीं, अशी सर्वसाधारण कामाची वांटणी असते. गौळणींत कोणी पुढें यावयाचें, कोणती लावणी कोणाची, हे प्रश्न वरकरणी क्षुल्लक. पण आमच्या बारा मुलींनीं मला जें शिकविलें, तें फडाच्या मालकाला जन्मभर पुरतें. रसिकांना एखादें नांव आवडूं लागलें कीं त्या नांवावर सुपारी वाढते, आणि तें नांव गेलें कीं सारा फड उतरणीला लागतो. पठ्ठे बापूराव व पवळा ही जोडी फुटल्यावर त्यांच्या फडाचें पूर्वीचें तेज राहिलें नाहीं. ज्यांच्या लावण्यांनीं महाराष्ट्र वेडा केला, ते बापूराव १९४५ सालीं पुण्यांत विपन्नावस्थेंत वारले.

पण मानापमानाहूनही मोठी अशी एक गोष्ट फडाला बांधून ठेवते. तिचें नांव उचल. पावसाळ्यांत फड बंद असतो. त्या चार-पांच महिन्यांत कलावंताला मिळकत नाहीं; पण घरांतील चूल, मुलांची शाळा, बहिणीचें लग्न, छपराची डागडुजी यांना पावसाळा माहीत नसतो. अशा वेळीं मालक पुढील हंगामाच्या पगारापोटीं कलावंताला आगाऊ रक्कम देतो, आणि हंगामांत ती हप्त्याहप्त्यानें फिटते. कलावंतानें मध्येंच दुसरा फड धरला, तर नव्या मालकानें जुन्याची उचल फेडावी असा रिवाज आहे. मालकाजवळ तरी एवढी रोकड कोठून यावी? तोही सावकाराकडून व्याजानें काढतो. म्हणजे कलावंत मालकाचा ऋणी, मालक सावकाराचा ऋणी, आणि या सर्वांची फेड अवलंबून चैत्रांतल्या तारखांवर! उचल हा आधार आहे आणि बेडीही आहे. तिच्यामुळें पावसाळ्यांत घर जगतें, आणि तिच्यामुळेंच अंगांत ताप असतांनाही पायांत चाळ बांधावे लागतात.

विठाबाई नारायणगांवकर यांचें उदाहरण पुष्कळांना ठाऊक असेल. भाऊ-बापू मांग नारायणगांवकर यांच्या फडांत त्या वाढल्या. दिवस भरले असतांना त्या खेळाला उभ्या राहिल्या, मध्येंच पडद्यामागें जाऊन प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां रंगमंचाकडे वळल्या, असा प्रसंग त्यांच्याविषयीं सांगितला जातो. आपण तो ऐकून त्यांच्या धैर्याची तारीफ करतों, आणि ती योग्यच आहे. परंतु फडाचें गणित समजल्यापासून मला त्यांत दुसरीही गोष्ट दिसते. त्या रात्रीं खेळ थांबला असता, तर किती चुली थांबल्या असत्या, याचा हिशेब त्या बाईला पाठ होता. राष्ट्रपतींकडून गौरविल्या गेलेल्या या कलावतीचा २००२ सालीं अंत झाला, तोही आर्थिक ओढगस्तींतच.

हें गणित मला पुस्तकांत सांपडलें नाहीं. १९८४ सालीं मी जुन्नर तालुक्यांतील एका लहान गांवीं शिक्षक होतों. लिहितां-वाचतां येणारा म्हणून यात्रेच्या पंचांनीं हिशेबाची वही माझ्या हातीं दिली होती. फड आला, गण झाला, गौळण अर्ध्यावर आली आणि वळवाचा पाऊस असा कोसळला कीं कनात जमीनदोस्त झाली. पंचांनीं ठरविलें, खेळ अर्धा, तर सुपारीही अर्धी. निरोप सांगावयास मला धाडलें. मालकीणबाई ओल्या सरपणाची चूल फुंकीत बसल्या होत्या. त्यांनीं आवाज चढविला नाहीं. म्हणाल्या, “गुरुजी, वही आणलीय न्हवं? मग लिवा. ट्रकाचं डिझेल. चाळीस माणसांचं दोन वक्ताचं जेवण. ढोलकीवाल्याची उचल. सावकाराचं व्याज. त्या पोरीचा पाय सुजलाय, तिचं औषध. आता ह्यातलं अर्धं कुणाचं कापू, तेवढं सांगा.”

मला सांगतां आलें नाहीं. तरीही मीं वहींत अर्धीच रक्कम लिहिली आणि खालीं सही केली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, रिवाजाप्रमाणें, त्याच फडानें गांवाला हजेरीचा खेळ दिला. ओल्या कपड्यांनिशीं दिला आणि पुरा दिला. पैसे अर्धे, हजेरी पुरी! ती सही आज चाळीस वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं.

त्यानंतर फडांवर याहून मोठे पाऊस आले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आली. झोपणाऱ्यांच्या व आजाऱ्यांच्या दृष्टीनें नियम योग्यच, पण पहाटेपर्यंत रंगणारा वग आंखडला आणि खर्च मात्र होता तेवढाच राहिला. पुढें २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला. नारायणगांवीं तारखा ठरण्याचा जो दिवस, तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. त्या वर्षीं व पुढल्याही वर्षीं यात्रा भरल्या नाहींत. उचल खाऊन झाली होती, फेडण्यास खेळ नव्हता, आणि व्याज मात्र चालूच होतें. मालक आणि कलावंत एकाच दोरानें बांधलेले असतात, हें तेव्हां सर्वांनाच दिसलें. तरीही बंदी उठतांच पुष्कळ फड पुन्हां उभे राहिले, ही गोष्ट लहान नव्हे.

तात्पर्य इतकेंच कीं, फड उभा राहतो तो एकमेकांना दिलेल्या शब्दावर. मालकानें पावसाळ्यांत कलावंताला दिलेला शब्द, कलावंतानें हंगामभर पाळलेला शब्द, आणि गांवानें फडाला दिलेला शब्द, या तिन्हींपैकीं पहिले दोन सहसा मोडत नाहींत. मोडतो तो तिसरा, आणि तो मोडणारे आपण सुशिक्षित पाहुणे असतों.

यंदा आमच्या वसाहतीच्या सभेंत लावणीची पार्टी बोलाविण्याचा विषय निघाला. एका गृहस्थांनीं विचारलें, “दोन तासांचे एवढे पैसे?” मीं उभें राहून तीन गोष्टी मांडल्या: विसार आगाऊ द्यावा, स्त्रियांना कपडे बदलण्यास बंद खोली आणि प्यावयास पाणी असावें, आणि पावसानें कार्यक्रम मोडला, तरी ठरलेली रक्कम पुरी द्यावी. तिसऱ्या कलमावर बरीच चर्चा झाली. अखेर तें मंजूर झालें. ठरावाखालीं सही करण्यास सांगितलें, तेव्हां ती मीं केली. हात मात्र थोडा कांपला.