नळदुर्गचे चोवीस तुकडे

घरच्या घरी जिगसॉ कोडं करायचं, तर फोटो कुठला घ्यावा? धाराशिवकरांना विचारलं, तर पावसाळ्यातला नळदुर्ग हे उत्तर बहुधा ठरलेलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आदिलशाहीत बोरी नदीवर बांधलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि सांडव्यांवरून कोसळणारे नर-मादी धबधबे. फोटो झकास येतो. कोडं मात्र छळतं.

8 बाय 12 इंचांच्या फोटोचे दोन-दोन इंची तुकडे नागमोडी कापले, तर ते 24 होतात. ते मांडायच्या शक्यता सहावर तेवीस शून्यं इतक्या, म्हणजे रसायनशास्त्रातल्या अॅव्होगॅड्रो अंकाच्या आसपास. तुकडा फिरवून बसवण्याचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. तरी शाळकरी पोरं कोडं सोडवतात, कारण ती शक्यता मोजत बसत नाहीत. सरळ कडेचे 16 तुकडे आधी बाजूला काढतात, मधले उरतात आठच. पुढचं काम कडांवरचे रंग आणि रेषा करतात.

नळदुर्ग अडवतो तो इथे. काळ्या दगडाची भिंत इथून तिथून सारखी, फेसाळ पाणी सगळीकडे पांढरं. कडेवर माहितीच नसेल, तर नजर जुळवणार काय? म्हणून तुकडे वाढवण्यापेक्षा फोटोत घरची माणसं उभी करावीत. आत्याच्या एका केशरी साडीने चार तुकडे सुटतात.

रंग नसला, तर आकार बोलतो. फ्रीमन आणि गार्डर यांनी 1964 मध्ये चित्राविना, केवळ कडांच्या वळणांवरून संगणकाकडून कोडं सोडवून घेतलं होतं. तेव्हा प्रत्येक काप वेगळा हवा. एकसारख्या लाटा काहीच सांगत नाहीत. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने 1760च्या दशकात लाकडावर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवरून कापले, तेव्हा हा प्रश्न भूगोलानेच सोडवला होता. परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या धाराशिव जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांचं तसं कोडं कुणीतरी करायला हवं.

आता पुठ्ठा. फोटोला फेविकॉल लावून जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, की दुसऱ्या दिवशी तो हमखास वाकतो. डिंकातल्या पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, ते लांबीपेक्षा रुंदीत जास्त. वाळताना आकसतात आणि पुठ्ठ्याला एका बाजूने ओढतात. उपाय सोपा: मागेही तसाच कागद चिकटवायचा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी बसते. मग रात्रभर वजनाखाली ठेवून धारदार कटरने, एका दमात न कापता, दोन-तीनदा हलकं फिरवत कापायचं.

याच जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, मातीखाली पडलेल्या कोड्याला खोक्यावरचं चित्र नसतं आणि तुकडेही पुरते मिळत नाहीत. पुरातत्त्वज्ञ तिथे भांड्याच्या काठाचं खापर एककेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवतात. कंस ज्या वर्तुळाशी जुळेल, तेवढा भांड्याच्या तोंडाचा व्यास, मग बाकीचं भांडं सापडो न सापडो.