लिहायला सोपं की वाचायला? मोडीचा पेच कॉम्प्युटरच्या भाषांतही

घरातल्या जुन्या पेटीत मोडीतला कागद सापडला, की पहिला प्रश्न एकच : वाचणार कोण? मोडी ही झरझर लिहायची लिपी. आधी ओळ मारायची, मग हात फारसा न उचलता अक्षरं काढत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला, वाचणाऱ्याचा गेला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडीच्या जाणकारांची मदत घ्यावी लागली, ती त्यामुळेच.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांतही हाच पेच आहे.

भाषा कोणती, त्यावर ठरतं

अमेरिकेत लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये 'पर्ल' भाषा आणली. एकच काम दहा तऱ्हेनं करता येतं, चिन्हं भरपूर. लिहिणारा खूश. पण 'लिहिता येते, वाचता येत नाही' अशी तिची थट्टाही झाली.

त्याआधीची 'कोबोल' १९५९-६० ची. तिच्यात 'ॲड प्राइस टू टोटल' असं सरळ इंग्रजी वाक्यच लिहितात. समजतं लगेच, पण लिहिताना बोटं दुखतात. आणि पानंच्या पानं झाली की वाचणाराही कंटाळतो.

नेदरलँड्सच्या गुइडो व्हान रॉसम यांची 'पायथॉन' १९९१ मध्ये आली. कोणती ओळ कोणाच्या पोटातली, हे ओळीआधीच्या मोकळ्या जागेवरून ठरतं. त्यामुळे मांडणी नीटनेटकी ठेवावीच लागते. तोटा इतकाच, की कॉपी-पेस्ट करताना जागा हलली, तर प्रोग्रॅम अडतो.

आपला काय संबंध?

समजा, गावातल्या पोरानं डेअरीसाठी दुधाच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहिला. घाईत 'एल गुणिले आर' एवढंच ठेवलं आणि पोरगं नोकरीला पुण्याला गेलं. पुढं दर बदलला. आता 'आर' म्हणजे गाईचा दर की म्हशीचा? नव्या माणसानं चुकीचा आकडा बदलला, तर बिल शेतकऱ्याचं चुकणार. तिथं 'लिटर गुणिले गाईचा_दर' लिहिलं असतं, तर विचारायची वेळच आली नसती.

प्रोग्रॅम लिहिला जातो एकदा. चूक शोधायला, बदल करायला तो वाचला जातो अनेकदा, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याकडून. म्हणून कोडिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी भाषा कोणतीही घ्यावी, पण नावं पूर्ण द्यावीत आणि अवघड ओळीशेजारी ती कशासाठी आहे, ते लिहून ठेवावं. दोन मिनिटं जास्त जातील, पण पुढच्याला जाणकार शोधत फिरावं लागणार नाही.