सीमा न मानणारे डॉक्टर आणि आपल्या दारातला टीबी



भोकरदन तालुक्यातील आपल्या राजूर परिसरातून दरवर्षी अनेक कुटुंबे पोटासाठी बाहेर पडतात. कुणी उसाच्या फडावर जाते, कुणी पुण्याच्या बांधकामावर, कुणी मुंबईत नातलगांच्या खोलीत. दाटीच्या वस्तीत, एकाच खोलीत सात-आठ जण झोपतात. हवा नाही, ऊन नाही आणि जेवणही अपुरे. अशा जागी क्षयरोग म्हणजे टीबी लवकर पसरतो. खोकला घेऊन माणूस गावी परततो, तेव्हा बऱ्याचदा मुंबईतल्या गोळ्यांचा कोर्स अर्धवट सुटलेला असतो. म्हणूनच या अंकात आम्ही मुंबईतल्या टीबीशी झुंजलेल्या एका जागतिक संघटनेची ओळख करून देत आहोत.

संघटना कशी जन्मली?

‘मेदसाँ साँ फ्रोंतिएर’ हे तिचे फ्रेंच नाव. त्याचा अर्थ ‘सीमा न मानणारे डॉक्टर’. थोडक्यात तिला एमएसएफ म्हणतात. नायजेरियातील बियाफ्रा भागात 1967 ते 1970 या काळात युद्ध आणि उपासमारीने असंख्य माणसे मेली. तिथे काम केलेल्या फ्रेंच डॉक्टरांनी आणि काही पत्रकारांनी मिळून डिसेंबर 1971 मध्ये पॅरिसला ही संघटना स्थापन केली. आजारी माणसाची जात, धर्म, देश किंवा पक्ष न पाहता उपचार करायचे आणि डोळ्यांदेखत अन्याय होत असेल तर गप्प बसायचे नाही, हे तिचे धोरण. तिचा बहुतेक पैसा सामान्य माणसांच्या लहान-मोठ्या देणग्यांतून येतो. त्यामुळे कुणा सरकारचे किंवा कंपनीचे दडपण तिच्यावर राहत नाही. 1999 साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गोवंडीतले काम

मुंबईत या संघटनेने 2006 पासून एचआयव्ही आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांसाठी काम सुरू केले. त्यासाठी गोवंडीत स्वतंत्र दवाखाना उघडला. देवनारचे कचरा डेपो जवळ असलेला हा भाग म्हणजे मुंबईतल्या सर्वांत गरीब वस्त्यांपैकी एक. मराठवाड्यातून गेलेली माणसेही अशाच वस्त्यांत राहतात.

साध्या टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या किंवा चुकीच्या घेतल्या, तर जंतू औषधाला सरावतो. मग नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. याला एमडीआर टीबी म्हणतात. असा रुग्ण खोकला की हाच चिवट जंतू घरातल्या इतरांनाही लागतो. म्हणजे ज्याने कधी टीबीची गोळीच घेतली नाही, त्यालाही थेट एमडीआर होऊ शकतो. यात त्या माणसाचा काय दोष?

पूर्वी या आजाराचा उपचार दीड-दोन वर्षे चाले. त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्याने काहींचे कान कायमचे गेले. गोवंडीच्या दवाखान्यात औषधांबरोबर समुपदेशनही होत असे, कारण उलट्या, अशक्तपणा, बुडालेली मजुरी आणि शेजाऱ्यांचे टोमणे सोसत दोन वर्षे टिकणे एकट्याच्या बळावर होत नाही.

औषधाच्या किमतीची लढाई

2012 च्या अखेरीस ‘बेडाक्विलिन’ या नव्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. चाळीसहून अधिक वर्षांनंतर टीबीवर नव्या प्रकारचे औषध आले होते. पण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीकडे त्याचे पेटंट असल्याने ते स्वस्तात बनवण्याची इतरांना मुभा नव्हती. जुलै 2023 मध्ये मूळ पेटंट संपणार होते. कंपनीने आणखी एक पेटंट मागून ही मक्तेदारी 2027 पर्यंत लांबवण्याचा प्रयत्न केला.

त्याविरुद्ध मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी 2019 मध्ये हरकत नोंदवली. दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या, आणि उपचारांतच दोघींची श्रवणशक्ती गेलेली. एमएसएफने त्यांना साथ दिली. मार्च 2023 मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. आजारातून उठलेल्या दोन तरुणींनी कायद्याच्या मार्गाने एवढ्या मोठ्या कंपनीला अडवले, ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगावी.

2024 मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिनसह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. त्यात इंजेक्शन नाही.

आपण काय करायचे?

गोवंडीचा दवाखाना राजूरला येणार नाही. पण तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात. म्हणून एवढे ध्यानात ठेवा:

• दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन घटणे, बेडक्यातून रक्त, यांपैकी काहीही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बेडका तपासा.
• जंतू औषधाला दाद देतो की नाही, हे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर कळते. ती तपासणी झाली का, हे आवर्जून विचारा.
• बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नका. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा.
• फडावर किंवा शहरात जाण्याआधी दवाखान्यात कळवा. ‘निक्षय’ नोंदणी क्रमांकावर दुसऱ्या गावीही उपचार चालू ठेवता येतो.
• सकस आहारासाठी सरकार उपचार चालू असेपर्यंत दरमहा 1000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा करते. पैसे आले नाहीत तर आशाताईंना विचारा.
• मोफत हेल्पलाइन: 1800-11-6666.

आणखी एक विनंती. पोरीचे लग्न मोडेल, लोक ताट वेगळे ठेवतील, या भीतीने आजही घरोघरी टीबी लपवला जातो. माणसाला वेगळे बसवण्याची झळ काय असते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. मग आपल्याच वस्तीतल्या रुग्णाला आपण वाळीत कसे टाकू? नियमित औषध सुरू झाले की बहुतेक रुग्णांपासून संसर्गाचा धोका लवकरच खूप कमी होतो. तोवर तोंडाला रुमाल बांधावा आणि खिडक्या-दारे उघडी ठेवावीत.

येत्या रविवारी विहारात जमाल, तेव्हा हा लेख मोठ्याने वाचून दाखवा. वस्तीत कुणी खोकत असेल, तर त्याला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.