व्हिडिओ कोर्स विकताय? आधी चव दाखवा!

समजा, तुम्ही डहाणूतून वारली चित्रकलेचा व्हिडिओ कोर्स वेबसाइटवर विकताय. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे कलेचं नाव आहे. पण तुमचं शिकवणं कुणी पाहिलंय?

माझ्या वेबसाइटवर मी आधी लॉगिन मागायचो. लोक यायचे, तसेच परत जायचे. अहो, चिकूवालासुद्धा आधी एक फोड हातावर ठेवतो!

म्हणून सगळ्यात वर दोन मिनिटांचा फुकट धडा ठेवा, लॉगिनशिवाय. त्याखाली किंमत, किती धडे ते, आणि यूपीआयचं बटण. व्हिडिओला ३६०पीचा पर्याय द्याच. मग तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर, कमी रेंजमध्ये, स्वतःच्या मोबाईलवरून खरेदी करून बघा. जिथे तुम्ही अडकाल, तिथूनच गिऱ्हाईक परत जातंय.