उमेदवाराआधी उस्ताद तयार हवा

फैजपूर म्हटले की दोन गोष्टी चटकन आठवतात. एक केळी आणि दुसरे १९३६ सालचे काँग्रेसचे अधिवेशन. त्या वर्षी डिसेंबरच्या २७ आणि २८ तारखेला पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली इथे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन. त्यातली भाषणे आणि ठराव इतिहासात नोंदले गेले. पण गावाची खरी कसोटी त्याआधीच लागून गेली होती. रेल्वेचे स्टेशन नसलेल्या गावात हजारो माणसांच्या निवाऱ्याची, पाण्याची, जेवणाखाण्याची सोय करायची होती. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते त्यासाठी राबले. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबूसारख्या साध्या, जवळपास मिळणाऱ्या सामानातून ते नगर सजवले. आधी तयारी आणि मग पाहुणे, हा साधा क्रम गावाने पाळला.

आज त्या तयारीची आठवण काढायचे कारण वेगळे आहे. दहावी-बारावी झालेल्या मुलांना हाताचे काम रीतसर शिकवणारे, सरकारमान्य असे एखादे केंद्र आपल्या भागात हवे, असे अनेकांना वाटते. शिक्षणसंस्थेला वाटते, सहकारी संस्थेला वाटते, चार कारखानदार एकत्र बसले तर त्यांनाही वाटते. मान्यता कशी मिळवायची, अर्ज कुठे करायचा, अनुदान किती, हे प्रश्न मग लगेच निघतात. ज्या मुलांसाठी हे सारे करायचे, त्यांना ठेवून घेण्याची आपली तयारी आहे का, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी येतो. तो पहिला यायला हवा.

गॅरेजमधली शाळा

हाताचे काम शिकण्याची परंपरा या भागाला नवी नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये फैजपूरचा उल्लेख येतो तो सुती कापडावरच्या छपाईसाठी आणि गडद निळ्या व तांबड्या रंगांसाठी. रंगाऱ्याचा मुलगा रंगारी होई, कारण घरच त्याची शाळा होती. पुढे शेतात विहिरींवर मोटारी बसल्या, ट्रॅक्टर आले, ठिबकच्या नळ्या पसरल्या, साखर कारखाना उभा राहिला. मग मोटार वायंडिंगची दुकाने, वेल्डिंगची शेडे आणि गॅरेजे ही नवी शाळा झाली. तिथे उस्ताद असतो आणि हाताखाली पोऱ्या असतो. पोऱ्या आधी झाडू मारतो, चहा आणतो, मग पाने देऊ लागतो आणि तीनचार वर्षांनी एके दिवशी स्वतः इंजिन उतरवतो.

या शाळेला नावे ठेवायचे कारण नाही. खानदेशातली कित्येक चांगली कारागीर माणसे तिथेच घडली. पण तिच्यात तीन उणिवा आहेत. शिकवायचे किती आणि केव्हा, हे सर्वस्वी उस्तादाच्या मर्जीवर असते. मुलाला दोन पैसे मिळतील की नाही, याचा नेम नसतो. आणि सारे शिकून झाले तरी हातात कागद नसतो. पुण्याला किंवा सुरतेला गेलेला असा मुलगा काम उत्तम जाणत असला, तरी दारावरचा माणूस त्याला विचारतो ते सर्टिफिकेट. ते नसले की तो हेल्पर म्हणूनच आत जातो, आणि बरेचदा हेल्पर म्हणूनच राहतो.

कायद्याने काय दिले

या तीन उणिवांना उत्तर म्हणून देशाने १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा केला. १९६२ च्या मार्चपासून तो अमलात आला. त्याचे मर्म थोडक्यात असे. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि तो सरकारदरबारी नोंदला जातो. काय शिकवायचे, त्याचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. शेवटी परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेल्याला देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते.

कायद्यातली एक तरतूद मुद्दाम सांगण्याजोगी आहे. उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादनावरच्या बोनसच्या योजनेतही त्याला ओढता येत नाही. किती नग काढले यावर त्याची किंमत ठरू नये, हा त्यामागचा विचार. कायद्याच्या लेखी तो कामगार नसतो, शिकणारा असतो. तरीही कारखान्यातल्या आरोग्याच्या आणि सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला लागू होतात, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते.

२०१४ साली या कायद्यात मोठे बदल झाले आणि २०१९ मध्ये नियमही बदलले. त्यानुसार ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे काम करतात तिला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. या मोजणीत कंत्राटी माणसेही धरली जातात. चार ते २९ माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. एकूण माणसांच्या अडीच टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत उमेदवार घेता येतात. म्हणजे ४० माणसांचे वर्कशॉप असेल तर किमान एक आणि कमाल सहा. विद्यावेतनाचे किमान आकडेही २०१९ मध्ये ठरले: दहावी झालेल्याला ६ हजार, बारावी झालेल्याला ७ हजार, पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला ९ हजार रुपये. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. १९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल दीड हजार रुपये, केंद्र सरकारने उचलायचे ठरवले.

मधली पायरी

आयटीआय करून आलेला मुलगा थेट कारखान्यात उमेदवार म्हणून जाऊ शकतो. पण दहावी होऊन थेट आलेल्या मुलाला कानस धरता येत नाही, मापाची पट्टी वाचता येत नाही. त्याला यंत्रापुढे उभे करणे त्याच्या बोटांना धोक्याचे आणि मालाला महागाचे. म्हणून फिटर, टर्नर यांसारख्या ठरलेल्या व्यवसायांत अशा मुलाला आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावे, असे कायदा सांगतो.

पूर्वी ही व्यवस्था दोनच ठिकाणी होई. ५०० वर कामगार असलेल्या कारखान्याने स्वतःची वेगळी जागा करायची, आणि लहानांनी सरकारी केंद्राकडे पाहायचे. फैजपूरपासून जवळच भुसावळला रेल्वे आहे, आयुधनिर्माणी आहे, दीपनगरचे वीजकेंद्र आहे. अशा मोठ्यांचे जमून जाते. अडचण होई ती दहा-वीस माणसांच्या शेडची. २०१४ च्या दुरुस्तीने ही अट सैल केली. पुरेशा सोयी असलेल्या कोणत्याही संस्थेत हे प्रशिक्षण देता येऊ लागले. सरकारी आणि खासगी आयटीआय, स्वतःचे केंद्र असलेले कारखाने आणि लहान उद्योगांनी मिळून काढलेली केंद्रे यांना प्रशिक्षण देणारी संस्था म्हणून नोंदणीची वाट मोकळी झाली. २०१६ च्या योजनेत त्यासाठी जास्तीत जास्त ५०० तास किंवा तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि एका उमेदवारामागे साडेसात हजार रुपये खर्च, असा हिशेब धरला होता. अशा योजनांचे आकडे सरकार अधूनमधून बदलते. तेव्हा अनुदानाच्या भरवशावर इमारत बांधू नये, हे सहकाराचा अनुभव असलेल्या आपल्या भागाला वेगळे सांगायला नको.

तयारी म्हणजे काय

नोंदणी संकेतस्थळावर होते आणि त्यानंतर अधिकारी प्रत्यक्ष जागा पाहायला येतात. कागदपत्रांची फाइल आठ दिवसांत तयार होऊ शकते. बाकीच्या तयारीला वर्ष लागले तरी ते जास्त नाही.

पहिली गोष्ट व्यवसायाची निवड. आपल्याकडे कोणती खोली रिकामी आहे, यावरून व्यवसाय ठरवला तर फसगत होते. तीन महिन्यांनी या मुलांना पुढच्या उमेदवारीसाठी कोण घेणार, तिथून उलटे मोजत यावे. यावल-रावेर भागात मोटारी, पंप, ट्रॅक्टर, ठिबक, शीतगृहे आणि केळीची पॅकिंग केंद्रे यांची दुरुस्ती-देखभाल हे रोजचे काम आहे. ज्यांच्याकडे ते चालते त्यांना आधी भेटावे, वर्षाला किती मुले घ्याल ते लेखी घ्यावे आणि मगच फिटर की वायरमन की वेल्डर ते ठरवावे. २०१४ नंतर उद्योगांना स्वतः अभ्यासक्रम आखून ऐच्छिक व्यवसायही सुरू करता येतात. कोल्ड स्टोरेजसारख्या कामाला त्याचा उपयोग आहे.

दुसरी गोष्ट शिकवणारा माणूस. मालकाला स्वतः त्या व्यवसायाची पात्रता नसेल, तर ती असलेला माणूस प्रशिक्षणाचा प्रमुख म्हणून नेमला पाहिजे, असे कायद्यातच आहे. खरी अडचण इथेच येते. पंचवीस वर्षे लेथवर उभा असलेला मिस्त्री उत्तम काम करतो, पण 'असे का?' म्हणून मुलाने विचारले की 'बघ आणि कर' म्हणतो. आणि नुकताच पदविका घेऊन आलेला तरुण सगळे फळ्यावर समजावतो, पण त्याच्या हाताला वळण नसते. संस्थेने दोघांना एकत्र आणावे. मिस्त्रीला शिकवण्याची रीत द्यावी आणि तरुणाला सहा महिने यंत्रावर उभे करावे. जर्मनीत उमेदवार ठेवणाऱ्या कारखान्यात शिकवणाऱ्यालाही वेगळी परीक्षा देऊन आपली पात्रता सिद्ध करावी लागते. त्या देशाच्या कारागिरीचे कौतुक आपण नेहमी करतो. तिची एक किल्ली इथे आहे.

तिसरी गोष्ट जागा आणि सामान. प्रत्येक मुलाला स्वतःचा व्हाइस, स्वतःची हत्यारे हवीत. वीस मुले आणि चार कानशी असा प्रकार असला की सोळा मुले नुसती बघत उभी राहतात. चष्मे, हातमोजे, अर्थिंग, प्रथमोपचाराची पेटी या गोष्टी तपासणीपुरत्या नकोत. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि सुरक्षित येण्याजाण्याची सोय नसेल, तर मुली येत नाहीत अशी तक्रार करण्याचा अधिकार संस्थेला राहत नाही. आसपासच्या खेड्यांतून मुले एसटीने येणार, तेव्हा वर्गाची वेळ बसच्या वेळेशी जुळवावी लागते. या बारीक गोष्टींवर हजेरी अवलंबून असते.

चौथी गोष्ट वाया जाणाऱ्या मालाची. वेल्डिंग शिकायचे तर रॉड जळणार, फायलिंग शिकायचे तर लोखंड घासले जाऊन भंगारात जाणार. अंदाजपत्रकात हा खर्च नसेल तर मुलांना हात लावू दिला जात नाही, आणि मग तीन महिने नुसती वही भरते. पाचवी गोष्ट नोंदींची. कोणत्या मुलाने कोणत्या दिवशी काय केले, कुठे चुकला, पुन्हा केव्हा केले, याची रोजची वही हवी. अधिकाऱ्याला दाखवण्यापुरती ती लिहू नये. शिकवणाऱ्याला तिचा रोज उपयोग असतो.

कागदावरचे उमेदवार

एवढी चर्चा करायचे कारण म्हणजे ही योजना वाकडी वळायला वेळ लागत नाही. उमेदवार हा स्वस्तातला मजूर आहे असे एकदा मालकाला वाटू लागले, की वर्षभर त्याला एकाच यंत्रावर उभे केले जाते किंवा गोडाऊनमध्ये पेट्या मोजायला बसवले जाते. प्रशिक्षण संस्था मध्ये असेल तर तिला हे थांबवता येते, आणि तिने डोळेझाक केली तर तीच त्यात भागीदार होते. इंग्लंडमध्ये २०१७ पासून अशा संस्थांची सरकारी नोंदवही आहे आणि नव्या संस्थेचे काम सुरू झाल्यावर निरीक्षक प्रत्यक्ष जाऊन पाहतात. नोंदवहीत नाव आल्याने शिकवता येऊ लागते असे नाही, हे तिथेही मानावे लागले.

घरच्या मंडळींनीही काही गोष्टी विचाराव्यात. मुलाच्या कराराची नोंद झाली आहे का? त्याची प्रत हातात मिळाली का? विद्यावेतन त्याच्या बँक खात्यात येते का? आज काय शिकलास, असे संध्याकाळी विचारले तर तो काही सांगू शकतो का? आणि एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी, असे बंधन कायदा मालकावर घालत नाही. उमेदवारीतून मुलाला मिळते ते कसब आणि प्रमाणपत्र. म्हणून ते कसब खरे असण्याला एवढे महत्त्व.

फैजपूरला उच्च शिक्षणाची उणीव नाही. धनाजी नाना महाविद्यालय १९६१ मध्येच निघाले, म्हणजे शिकाऊ उमेदवार कायद्याच्याच वर्षी. पुढे अभियांत्रिकीही आली. जी मुले त्या फाटकातून आत जात नाहीत, त्यांच्यासाठी काय, हा प्रश्न उरतो. फैजपूरच्या अधिवेशनानंतर दहाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा गांधीजींचा विचार देशापुढे आला. मुलाच्या हाताला काम शिकवणे हेही शिक्षणच आहे, हे तेव्हा मोठ्या सभेत मांडावे लागले होते.

आता मांडण्याची गरज नाही, करण्याची आहे. ज्या संस्थेला हे करायचे आहे तिने अर्ज भरण्याआधी दहा मुले घेऊन, मान्यतेविना, स्वतःच्या खर्चाने तीन महिने शिकवून पाहावे. शेवटच्या दिवशी त्यांतल्या प्रत्येकाच्या हातात लोखंडाचा एक चौकोनी तुकडा आणि गुण्या द्यावा. तुकड्याच्या चारही बाजू गुण्याला बसल्या, तर अर्ज भरायला हरकत नाही.